नटाने पाठ फिरवावी की नाही?

प्रश्न : मी चाकणच्या कारखान्यात काम करतो. सुरक्षा सप्ताहात आम्ही कॅन्टीनसमोर पथनाट्य केलं, तेव्हा चारी बाजूंना फिरून बोलत होतो. आता कामगार नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवतोय, तर दिग्दर्शक सांगतात की प्रेक्षकांकडे पाठ नको आणि समोरच्याशी बोलतानाही तिरका उभा राहा. ते ‘राइट विंगेतून ये’ म्हणतात, तेव्हा मी नेमका उलट्या बाजूने येतो. हे नियम आले कुठून?

उत्तर : तुमच्या तिन्ही शंका एकाच गोष्टीशी येऊन थांबतात. प्रेक्षक कुठे बसलाय, यावर नटाचं उभं राहणं ठरतं.

पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह घ्या. तिन्हीकडे रंगमंच चौकटीचा आहे. दोन्ही अंगांना विंगा आणि प्रेक्षक फक्त समोर. दोन नट घरात बोलतात तसे एकमेकांकडे सरळ तोंड करून उभे राहिले, तर प्रेक्षकाला दोघांचा अर्धाच चेहरा दिसतो आणि आवाजही विंगांकडे जातो. म्हणून दोघंही थोडे प्रेक्षकांकडे वळतात. जवळून हे उभं राहणं खोटं वाटतं. दहाव्या रांगेतून मात्र ती दोन माणसं एकमेकांशीच बोलताना दिसतात. शंका असेल तर सहकाऱ्यांना उभं करा आणि हॉलच्या टोकाला जाऊन स्वतः पाहा.

यात आणखी एक मेख आहे. दोघांपैकी एक जण मागच्या पडद्याकडे सरकला, तर त्याच्याशी बोलायला पुढच्याला मान मागे वळवावी लागते. पुढच्याचा चेहरा झाकतो, मागच्याचा पूर्ण उघडतो. त्यामुळे ज्याचं वाक्य महत्त्वाचं, त्याला जाणता दिग्दर्शक जरा मागे ठेवतो. पुढे उभा असलेलाच नेहमी भाव खातो, हा समज खरा नाही.

‘राइट’ म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू. नट नंतर कुठेही वळला, तरी ती बदलत नाही. तुम्ही तालमीत समोर बसून इतरांचे प्रवेश पाहता आणि तीच बाजू लक्षात ठेवता, म्हणून घोटाळा होतो. तालमीच्या जागेत दोन्ही कडांना खडूने नावं लिहून ठेवा.

आता पाठीविषयी. ‘कधीच फिरवू नये’ हा नियम नवशिक्यासाठी आहे, कारण त्याची पाठ नकळत फिरते. १९७२ साली पुण्यात जब्बार पटेल यांनी बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभ्या नटांची भिंतच झाली होती. ती प्रेक्षकांकडे पाठ फिरवते आणि मागे जे चाललंय ते झाकते. तिथे पाठ फिरवणं हाच अभिनय आहे. हेच पटेल २०२४च्या जानेवारीत आपल्या पिंपरी-चिंचवडला झालेल्या शंभराव्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

पथनाट्यात प्रेक्षक रिंगण करतात, म्हणजे कुणाकडे तरी पाठ होणारच. ती टाळायच्या खटपटीत सतत गरगर फिरू नका, त्याने वाक्यं तुटतात. दोघांनी अंतर राखून रिंगणाच्या समोरासमोरच्या कडांना उभं राहायचं. मग प्रत्येक प्रेक्षकाला निदान एक चेहरा दिसतो. वाक्य संपलं की जागा बदलायची. महत्त्वाची सूचना दोन दिशांना दोनदा म्हणायची. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने १९७८मध्ये कामगारांच्या प्रश्नावर केलेल्या ‘मशीन’ या पथनाट्यात नटांनी आपल्या शरीरांचंच यंत्र उभं केलं. असं दृश्य कुठल्याही बाजूने पाहिलं तरी कळतं, म्हणून रिंगणाला ते शोभतं. तीन बाजूंनी प्रेक्षक असतील, तर या दोन्हींच्या मधली रीत वापरायची.

स्पर्धेसाठी एक सूचना. कडेच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला समोरच्या विंगेत बरंच आतपर्यंत दिसतं. प्रवेशाची वाट पाहताना तुम्हाला एखादा प्रेक्षक दिसत असेल, तर तुम्हीही त्याला दिसताय. लगेच एक पाऊल मागे घ्या. आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी त्या रंगमंचावर सगळ्या हालचाली एकदा चालून बघाच, कारण तालमीच्या हॉलमधली पावलं तिथे जशीच्या तशी बसत नाहीत.