भेट देण्याची साधना : काशीयात्रा, साडी आणि देश-काल-पात्र



आईला एकदा काशी दाखवायची, ही इच्छा आपल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. मुलाला नोकरी लागली, मुलीचे लग्न पार पडले किंवा निवृत्तीचे पैसे हातात आले की हा विषय निघतो. मग तिकिटे काढली जातात, परतताना तिच्यासाठी बनारसी साडी घेतली जाते, घरी आल्यावर गंगापूजन आणि मावंदे होते. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न बहुधा विचारायचा राहून जातो : तिला स्वतःला काय हवे आहे?

आई, पत्नी, बहीण, सासूबाई, आत्या, मावशी यांच्यासाठी आपण सहल ठरवतो किंवा भेटवस्तू निवडतो, तेव्हा आपल्या मनात नेमके काय चालते, हे या पाठात पाहू. उदाहरण म्हणून काशीयात्रा घेऊ.

गीतेची कसोटी

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात 20 ते 22 या तीन श्लोकांत दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, अथवा मनाविरुद्ध दिलेले ते राजस. आदर न ठेवता, तुच्छतेने, अवेळी आणि अस्थानी दिलेले ते तामस.

घरच्या माणसाला दिलेली भेट म्हणजे दान नव्हे, हे खरे. पण देणाऱ्याचे मन तपासायला हीच कसोटी उपयोगी पडते. भाऊबीजेला गेल्या वर्षी कोणी किती घातले याचा हिशेब मनात ठेवून ओवाळणी ठरवली, तर ती राजस होते. पत्नीच्या वाढदिवसाला मिक्सर आणला, तर घराची गरज भागते. तिच्या वाट्याला त्यातले किती येते? आणि कपाटात ‘देण्याघेण्याच्या साड्या’ म्हणून वेगळा गठ्ठा असतो. त्यातली वरची साडी न बघता एखाद्या मावशीच्या हातात ठेवताना आपल्या मनात आदर किती असतो, हे ज्याने त्याने पाहावे.

देश : तिला झेपेल आणि रुचेल असे ठिकाण

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. घाट पश्चिम काठावर असल्यामुळे सकाळचे ऊन थेट पायऱ्यांवर येते. हे दृश्य पाहण्यासाठी लोक दुरून येतात. पण त्या पायऱ्या उंच आहेत आणि गुडघे दुखणाऱ्या आईला पन्नास पायऱ्या उतरणे म्हणजे शिक्षाच. तिच्यासाठी अस्सी घाटावरची पहाटेची आरती पाहून नावेतून सावकाश घाट दाखवणे अधिक सोयीचे. गर्दीच्या काळात गोदौलियाच्या पुढे वाहने सोडत नाहीत, म्हणून विश्वनाथाच्या जवळ मुक्काम मिळतो का हे आधी पाहावे.

एका दिवसात दहा मंदिरे ‘उरकणे’ हा आपला हव्यास असतो. तिला कदाचित अन्नपूर्णेच्या मंदिरात अर्धा तास शांत बसायचे असेल. कदाचित सारनाथ पाहायचे असेल. ते शहरापासून सुमारे 10 किलोमीटरवर आहे. धामेक स्तूपाभोवती मोकळी हिरवळ आहे आणि अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष तिथल्याच संग्रहालयात आहे. ते संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

काल : तिच्या सोयीची वेळ

मे-जूनमध्ये वाराणसीत तापमान 40 अंशांच्या वर जाते. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद ठेवल्या जातात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्यांना उशीर होतो. कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी फार सुंदर, पण त्या दिवशीची गर्दी सर्वांना सोसत नाही. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरे. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने जायलाही एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. ते वेळेवर केले, तर तिला खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

पण ‘काल’ म्हणजे फक्त हवामान नव्हे. ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर जाऊ’, ‘नातवाची दहावी होऊ दे’, असे म्हणत वर्षे निघून जातात. पाय चालत असताना दिलेली यात्रा आणि पाय थकल्यावर दिलेली यात्रा यांत फरक आहे.

आणखी एक. बहुतेक सहलींत घरची स्त्री स्वयंपाकघर बरोबर घेऊनच निघते. दशम्या, चटणी, सगळ्यांची औषधे, मुलांचे कपडे हे सारे तिच्याकडेच. आपल्याकडे नववधूला माहेरहून अन्नपूर्णेची मूर्ती देतात. साक्षात शिवाने जिच्यापुढे भिक्षेसाठी हात पसरला ती अन्नपूर्णा काशीची देवी आहे. मग तिच्या नगरीत तरी घरच्या अन्नपूर्णेला चार दिवस रजा मिळावी. पिशव्या आपण भराव्यात, औषधांच्या वेळा आपण सांभाळाव्यात, सकाळचा चहा आपण आणून द्यावा.

पात्र : आपल्या यादीतून कोण सुटले?

हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपल्या घरात वाण, ओटी, साडी, गजरा कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही? पती गेलेल्या काकू किंवा आत्या हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत का बसतात? एकेकाळी अनेक विधवा स्त्रियांना काशीत आणून ठेवले जाई. त्यांच्यासाठी काशी ही यात्रा नव्हती. घराने त्यांना सोडून दिल्याची ती जागा होती.

त्याच काशीत विश्वनाथाचे आजचे मंदिर उभे केले ते अहिल्याबाई होळकर यांनी, 1780 मध्ये. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले. पुढे 1767 ते 1795 त्यांनी राज्य चालवले आणि देशभर मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या. आपण ज्या मंदिरात रांग लावतो, ती एका विधवा स्त्रीने साऱ्या देशाला दिलेली भेट आहे. तिथून प्रसाद आणून घरातल्या विधवा काकूंना मात्र वाण नाकारायचे, हे कसे जुळते?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. गावाला जे ठरवता आले, ते एका घराला ठरवणे अवघड नसावे.

साडी घेताना

बनारसी साडीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाजारात यंत्रमागावरच्या नकला पुष्कळ असतात. साडी उलटी करून पाहावी. ‘कढुआ’ विणकामात प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, म्हणून मागे लोंबते धागे नसतात. ‘फेकुआ’त मागचे धागे नंतर कापलेले दिसतात. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क पाहावा. मदनपुरा, अलईपुरा अशा वस्त्यांतील विणकरांना एका साडीला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्या कष्टांचा मान राखून भाव करावा.

पण सर्वांत आधी तिला विचारावे. जड जरीची साडी सत्तरीच्या आजीला पेलत नाही. तिला हलकी साडी किंवा नुसती शाल आवडेल. धाकट्या बहिणीला कदाचित साडी नकोच असेल. पत्नीला कदाचित त्याच पैशांत मैत्रिणींबरोबर, आपल्याशिवाय, चार दिवस कुठे जायचे असेल. तेही आनंदाने द्यावे.

काशीत काय सोडावे?

काशीला गेले की आपल्या आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडण्याची रीत आहे. कोणी वांगे सोडतो, कोणी एखादे फळ. साधकाने त्याबरोबर एक आग्रहही सोडून यावा : ‘मी एवढे केले, तर तिने खूश दिसलेच पाहिजे.’ तिला साडीचा रंग आवडला नाही, ती आरतीच्या वेळी थकून खोलीवर थांबली, तिने फोटोला नकार दिला, तरी आपले मन शांत राहिले, तर त्या देण्याला सात्त्विक म्हणता येईल.

या महिन्याची कृती

1. घरातील व नात्यातील सर्व स्त्रियांची यादी करावी. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचे नावही लिहावे. गेल्या वर्षभरात कोणाला काहीच मिळाले नाही, ते पाहावे.
2. त्यांपैकी एकीला ‘तुम्हाला कुठे जावेसे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर मध्ये न बोलता पूर्ण ऐकावे.
3. तिने सांगितलेल्या ठिकाणाची तारीख याच महिन्यात पक्की करावी. ठिकाण काशी असेल किंवा शेजारच्या गावातले तिचे माहेर असेल.
4. संक्रांतीच्या किंवा चैत्राच्या हळदीकुंकवाला घरातील प्रत्येक स्त्रीला, ती विवाहित असो, अविवाहित असो वा विधवा, तिची इच्छा असल्यास सारखेच वाण द्यावे. याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी आधी प्रेमाने बोलावे.

हा पाठ साप्ताहिक सत्संगात वाचून त्यावर चर्चा करावी. चर्चेत भगिनींना आधी बोलू द्यावे.