मोटारीतील बालआसन : तोंड पुढे केव्हा करावे?

मोटार ही आता केवळ शहरातील सुखवस्तू कुटुंबांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी शिक्षक, शेतकरी, दुकानदार यांच्या दारीही ती दिसते, आणि तिच्यात लहान मुलास कसे बसवावे हा प्रश्नही ओघानेच घरात आला आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब अन्वये, चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने अथवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु आसनाचे तोंड कोणत्या दिशेस असावे व ते केव्हा फिरवावे, हे त्या कलमात सांगितलेले नाही. पालकांचा गोंधळ होतो तो नेमका येथेच.

तान्ह्या मुलाचे आसन पाठमोरे असते. म्हणजे मुलाची पाठ प्रवासाच्या दिशेकडे व तोंड मोटारीच्या मागील काचेकडे. याचे कारण मुलाच्या शरीररचनेत आहे. जन्मतः डोके शरीराच्या लांबीचा सुमारे चौथा भाग व्यापते. प्रौढात हे प्रमाण सातव्या-आठव्या भागावर येते. मानेच्या मणक्यांचे भाग तोवर कूर्चेनेच जोडलेले असतात व त्यांचे पक्के हाड होण्यास काही वर्षे जातात. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. मूल पुढे तोंड करून बसले असेल तर पट्टे धड धरून ठेवतात, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सारा ताण त्या कोवळ्या मानेवर पडतो. पाठमोऱ्या आसनात डोके, मान व पाठ या तिन्हींना एकाच वेळी आधार मिळतो व जोर विभागला जातो. आजीची मांडी कितीही मायेची असली, तरी दहा किलोचे मूल त्या क्षणी दोनशे किलोच्या ओझ्यासारखे हातून सुटते.

ही कल्पना स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात पुढे आणली. अवकाशयानात उड्डाणाचा जोर अंतराळवीराच्या संपूर्ण पाठीवर घेतला जातो, हे पाहून त्यांना ती सुचली. त्या देशात मुले सुमारे चार वर्षांपर्यंत पाठमोरी बसविण्याची प्रथा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार १५ महिन्यांपूर्वी आसन पुढे वळविता येत नाही. मात्र ही किमान मर्यादा आहे, वळविण्याचा मुहूर्त नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ साली दोन वर्षांचे वय सांगितले होते. २०१८ मध्ये तिने वयाची अट सोडून, आसनाची वजन व उंचीची मर्यादा पूर्ण होईपर्यंत मूल पाठमोरेच ठेवावे, असे सांगितले. आमच्या मते हाच नियम व्यवहारास सोयीचा आहे.

ही मर्यादा आसनावरील पट्टीवर छापलेली असते. काही आसने १३ किलोपर्यंतच पाठमोरी वापरता येतात, काही १८ किलोपर्यंत. खरेदीच्या वेळीच हे पाहिले तर पुढील घाई टळते. मुलाचे वजन अंगणवाडीच्या नोंदीत मिळतेच. डोक्याचा माथा आसनाच्या वरच्या कडेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत आला, तर वजन कमी असले तरी ते आसन मुलास अपुरे झाले असे समजावे. पाय मागच्या बाकाला टेकतात, दुमडतात, हे मात्र वळविण्याचे कारण नव्हे. मुले मांडी घालून सुखाने बसतात. अवघडल्यासारखे वाटते ते पाहणाऱ्यास.

पाठमोरे आसन पुढील बाकावर, चालू हवापिशवीसमोर, कधीही ठेवू नये. पिशवी उघडताना ती आसनाच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच, जोराने आदळते. एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींत चालकाशेजारीही हवापिशवी असते, हे लक्षात घ्यावे.

आसन वळविल्यावर पट्ट्यांची जागाही बदलते. पाठमोऱ्या स्थितीत खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीस किंवा किंचित खाली असावेत. पुढे तोंड केल्यावर ते खांद्याच्या पातळीस किंवा किंचित वर घ्यावेत. आसनास वरचा बंध असल्यास तो मोटारीतील कडीस अडकवावा. पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे.