फलकावर नाव, वाटा शून्य

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 1932 चा भागीदारी कायदा शिकवितात. करारात वेगळे ठरलेले नसेल तर नफा भागीदारांत समान वाटला जातो. परंतु भागीदार कोण आणि पगारी नोकर कोण, हे आधी पाहावे लागते. यासाठी अमेरिकन पॉप-रॉक गायिका शेर हिचे उदाहरण मला उद्बोधक वाटते.

1965 साली जोडीदार सनी बोनो याच्यासह गायिलेल्या 'आय गॉट यू बेब'मुळे ती घरोघर पोहोचली. तिच्याच नावाच्या 'शेर एंटरप्रायझेस'मध्ये मात्र 95 टक्के मालकी सनीची, 5 टक्के वकिलाची; ती निव्वळ नोकर!

1975 मध्ये घटस्फोट झाला. पुढे तिने अभिनयाची वाट धरली. 1982 मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर आली; 1983 च्या 'सिल्कवुड'ने ऑस्करचे नामांकन मिळवून दिले आणि 1987 च्या 'मूनस्ट्रक'ने सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर. 1998 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, 'बिलीव्ह' या गीताने ती पुन्हा अग्रस्थानी पोहोचली.

गुण तिचे होतेच. मालकी मात्र आपोआप आली नाही. मित्रहो, फलकावरील नावाने हुरळू नका. सही करण्यापूर्वी वाट्याचे कलम वाचा.