चाक फिरते ठेवणारा ब्रेक

पावसाळ्याचे दिवस. डांबरी रस्ता पाण्याने चकचकीत झालेला. एक मोटार वेगाने चालली आहे. एवढ्यात वळणापलीकडे भर रस्त्यात एक गाय उभी दिसते. चालक घाबरून सारे बळ एकवटतो आणि ब्रेक दाबतो. अशा क्षणी गाडीचे काय होते?

ज्याने ओल्या मातीवर सायकल चालविली आहे, त्याला याचे उत्तर ठाऊक असते. ब्रेक जोराने दाबताच मागचे चाक फिरायचे थांबते. पण सायकल थांबत नाही. ती घसरत पुढे जाते. चाक थांबणे आणि वाहन थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

असे का व्हावे? फिरत्या चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तो त्या क्षणापुरता जमीन धरून असतो. चाक जाम झाले, की ही पकड सुटते. घसरणाऱ्या टायरचे घर्षण सामान्यतः कमी पडते. शिवाय पुढची चाके जाम झाली, म्हणजे स्टीअरिंग कितीही फिरविले तरी गाडी वळत नाही.

म्हणून पूर्वी निष्णात चालक ब्रेक दाबीत, किंचित सोडीत आणि पुन्हा दाबीत. परंतु संकटात इतके भान सर्वांनाच राहत नाही. ते भान यंत्राने राखावे, या विचारातून एबीएस ही योजना पुढे आली. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने विमानांच्या चाकांसाठी असे यंत्र बनविले. पुढे १९७८ साली जर्मनीत बॉश कंपनीने तयार केलेली विजेवर चालणारी योजना मर्सिडीज-बेंझ मोटारींत बसविण्यात आली.

तिचे कार्य असे चालते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाकाच्या फिरण्याचा वेग टिपून नियंत्रकाला कळवितो. एखाद्या चाकाचा वेग एकाएकी घटू लागला, की ते जाम होणार हे नियंत्रक ओळखतो. तो झडप उघडून त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब कमी करतो. चाक पुन्हा फिरू लागते. लगेच दाब पुन्हा वाढविला जातो. एका सेकंदात असे अनेक वेळा घडते. गाडीचा वेग उतरतो आणि चालकाला ती वळविताही येते.

या वेळी ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. काही बिघडले असे समजून नवखा चालक पाय उचलतो आणि यंत्राचे साहाय्य गमावतो. ती थरथर म्हणजे यंत्र काम करीत असल्याची खूण होय. पाय घट्ट दाबून ठेवावा आणि गाडी मोकळ्या बाजूस वळवावी.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आवश्यक झाले. तथापि त्यालाही मर्यादा आहेत. सुट्या खडीवर गाडी थांबण्यास उलट अधिक अंतर लागू शकते. निसरड्या रस्त्याला नवी पकड कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. असलेली पकड वाया जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. वेग आवरण्याचा विवेक चालकापाशीच असावा लागतो.

स्वाध्याय
१. ‘चाक थांबणे आणि वाहन थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत’, हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. पेडल थरथरू लागल्यास चालकाने काय करावे? का?
३. पुढील शब्द वाक्यांत योजा : निष्णात, भान, विवेक.