सत्तरीनंतर कोलेस्टेरॉल उतरलं, तर?

"डॉक्टर, कोलेस्टेरॉल बरंच खाली आलंय. आता गोळी बंद करू का?" सत्तरी ओलांडलेल्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. त्यावर मी आधी विचारतो, "वजनही उतरलंय का? जेवण कमी झालंय का?"

या चौकशीला कारण आहे. हवाईतल्या ओआहू बेटावर १९६५ मध्ये जपानी वंशाच्या ८,००६ पुरुषांचा अभ्यास सुरू झाला, 'होनोलुलू हार्ट प्रोग्रॅम'. हे सगळे १९०० ते १९१९ या काळात जन्मलेले. त्याच सुमारास केलेल्या तुलनेत जपानमधल्या पुरुषांना हृदयविकार सर्वांत कमी, हवाईतल्यांना त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियातल्यांना सर्वांत जास्त आढळला. वंश एकच, पण आहार-विहार बदलला तसा धोका वाढला. त्यामुळे 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणून हात टेकू नका.

पुढे हवाईतले हे पुरुष म्हातारे झाले, तेव्हा ७१ ते ९३ वयाच्या साडेतीन हजारांहून अधिक जणांची पाहणी झाली. ज्यांचं कोलेस्टेरॉल सर्वांत कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण उलट जास्त निघालं. याचा अर्थ तूप-लोणी सुरू करा असा नाही. उतारवयात कुपोषण किंवा आत दडलेला आजारही कोलेस्टेरॉल खाली आणतो. गोळीने उतरणं वेगळं आणि आपोआप घसरणं वेगळं.

खुद्द जपानमध्ये १९५१ ते १९८० पर्यंत मृत्यूचं पहिलं कारण होतं पक्षाघात. अकितासारख्या थंड प्रांतात खारवलेल्या भाज्या आणि मिसो सूप यांतून भरपूर मीठ पोटात जाई. मीठ कमी झालं, रक्तदाब तपासून उपचार होऊ लागले आणि पक्षाघाताचे मृत्यू झपाट्याने घटले. साठच्या दशकात तिथले ८० टक्क्यांहून अधिक पुरुष सिगारेट ओढत. आता हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे.

मग आपण काय करायचं?

• गोळी मनाने बंद करू नका.
• प्रयत्न न करता वजन उतरत असेल, कपडे सैल होत असतील, तर लगेच तपासून घ्या.
• रक्तदाब बसून मोजाच, पण उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.
• लोणचं, पापड, फरसाण यांना आवर घाला. तंबाखू, मिश्री, विडी कोणत्याही वयात सोडली तरी फायदाच.
• चाला. ओआहूतल्याच सिगारेट न ओढणाऱ्या निवृत्तांमध्ये रोज दोन मैलांहून जास्त, म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटरपेक्षा अधिक, चालणाऱ्यांच्या तुलनेत एक मैलही न चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र आधी तपासणी.

पुढच्या वेळी येताना मागच्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट सोबत आणा. एका आकड्यावरून मला फार थोडं कळतं. तो कधीपासून आणि कशामुळे बदलला, यावर उपचार ठरतात.