माळवद पाडायचं की ठेवायचं?

आधीच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'माळवद' हा शब्द नीट लिहिता यावा म्हणून आजीला फोन करावा लागला! पण हा वाद आमच्या घरात मराठीतच चाललाय, म्हणून लेखही मराठीतच.

आमचं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. केळीचा भाग. तिथे आजोबांनी मागे ठेवलेलं माळवदाचं घर आहे. दगड-मातीच्या दोन फूट जाड भिंती, सागाच्या तुळया, त्यावर कड्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. भर मे महिन्यातसुद्धा आत गारवा असतो. १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र आमच्याच तालुक्यातलं रामेश्वर तांडा. आमच्या भिंतीला देवळीपासून खालपर्यंत चीर गेली. आता काकांचं नाव घरकुलाच्या यादीत आहे. काका म्हणतात, पाडून टाकू. आजी म्हणते, मी आहे तोवर नाही. मी सिव्हिलची, त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघतात.

म्हणून आधी हे शोधलं, की असा निर्णय घेतं कोण?

मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे. इमारतींना ग्रेड दिलेल्या असतात आणि ग्रेडच्या इमारतीला हात लावायचा तर हेरिटेज समितीचं मत घ्यावं लागतं. पुण्यात शनिवारवाड्याभोवती वेगळीच गंमत आहे. तो केंद्राचं संरक्षित स्मारक. १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधकाम. परवानगी काढून दुरुस्ती करता येते, पण जुना वाडा पाडून नवी इमारत उभी करता येत नाही. म्हणजे पेशव्यांचा वाडा सुरक्षित, शेजारच्या वाड्यातला भाडेकरू मात्र गळक्या छपराखाली! तो दाद मागायला जातो महापालिकेत, आणि नियम तर दिल्लीचा.

आमच्याकडे नेमकं उलटं. "पाडू नका" म्हणणारा कायदाच नाही. घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते, कोण पात्र आणि कोण नाही ते तिथे बघितलं जातं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही बांधकाम जसं वर येईल तसे हप्त्याने. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. हक्कदार कोण, तर कच्च्या घरात राहणारा. २०११ च्या सर्वेक्षणात मातीची भिंत कच्ची, आणि चुना-सिमेंटशिवाय रचलेला दगडही कच्चाच. आमच्या आर्किटेक्चरच्या पुस्तकात ज्याला पारंपरिक स्थापत्य म्हणून कौतुकाने चित्र काढून दाखवतात, ते त्या फॉर्मवर 'कच्चे' एवढ्या एका शब्दात संपतं.

पण काका चुकीचे आहेत असं मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला हजारो माणसं गेली, ती याच प्रकारच्या घरांखाली. कारण समजून घ्या. आमच्या भिंतीत आतली आणि बाहेरची अशा दगडाच्या दोन रांगा आहेत, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसला, की हादऱ्यात त्या सुट्या होतात, पोट काढतात आणि ढासळतात. वरून मातीचं वजन. गळती थांबावी म्हणून दरवर्षी नवी माती टाकत जातात, थर वाढतच जातो. एक फूट थर धरला तर चौरस मीटरला अर्धा टन होतो. १२ बाय १८ फुटांच्या खोलीवर दहा टन! आजी त्याच्याखाली झोपते.

उपाय आहेत. आय.एस. १३८२८ मध्ये दगडी भिंतीसाठी दर ६०० मिलिमीटर उंचीला, जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर आरपार दगड सांगितलेत. जुन्या भिंतीत भोकं पाडून, सळई टाकून, काँक्रीट भरून तेच काम करता येतं. माती काढून छप्पर हलकं करता येतं. पण घरकुलाचे पैसे नव्या घराला आहेत, जुनं मजबूत करायला नाहीत. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. काकांना एकच रस्ता दाखवला जातो, आणि आजीला वाटतं काका निर्दयी आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाला टेप धरायला लावून परस मोजला. माळवदाच्या भिंतीपासून मागे ३० फूट, रुंदी १८. घरकुल अगदी मागच्या कडेला १५ बाय १८ बसवलं तर २७० चौरस फूट होतात आणि मध्ये १५ फूट मोकळे राहतात. भिंत ११ फूट उंच. उद्या ती बाहेर पडलीच, तरी नव्या घरापर्यंत पोचत नाही. झोपायचं नव्या घरात, माळवदावरची माती उतरवायची, आरपार दगड पैसे जमतील तसे. अर्थात ज्याच्याकडे परसच नाही त्याला हे गणित लागू होत नाही, आणि गल्लीत अशीच घरं जास्त आहेत.

काकांनी कागद दोनदा बघितला आणि "माती उतरवायला मजूर किती लागतील?" विचारलं. आजीने कागद बघितलाच नाही. तिचा एकच प्रश्न होता, नऊ इंची भिंतीत देवळी बसते का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही. साडेचार इंच खोल बसेल बहुतेक.