वेबसाईट नव्या सर्व्हरवर नेली, आता चूक कुठे शोधायची?



मागच्या महिन्यात आपल्या प्रभागसंघाची वेबसाईट जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर नेली. दुसऱ्याच दिवशी लोहाऱ्याच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "माह्या फोनवर साईट दिसते, सुनेच्या फोनवर काऊन दिसत नाही?" दुसऱ्या ताईंच्या फोनवर मूगपापडाच्या नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. वाळवणाच्या ऑर्डरी यायचे हेच दिवस, म्हणून सगळ्या घाबरल्या. पण साईट गेली नव्हती. स्क्रीनवरची प्रत्येक चूक काय राहिलं ते सांगत होती, आपल्याला ते वाचता येत नव्हतं इतकंच.

आधी तीन गोष्टी ओळखा

डोमेन म्हणजे दुकानाचं नाव. होस्टिंग म्हणजे दुकानासाठी भाड्याने घेतलेली खोली, म्हणजेच सर्व्हर. डीएनएस म्हणजे "या नावाचं दुकान कोणत्या खोलीत आहे" हे सांगणारी नोंदवही. खोली बदलली की नोंदवहीतला पत्ताही बदलावा लागतो.

बँकेचं उदाहरण घ्या. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, पण तिचे जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. मधल्या काळात जुना कोड चालत होता. वेबसाईट हलवतानाही असाच मधला काळ ठेवायचा असतो.

कोणती चूक काय सांगते?

1. एका फोनवर दिसते, दुसऱ्यावर नाही: नवा पत्ता सगळीकडे पोचलेला नाही. काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पाहा. लगेच सेटिंग बदलत बसू नका.

2. पहिलं पान उघडतं, आतली पानं "404" दाखवतात: 404 म्हणजे सर्व्हर भेटला, पान सापडलं नाही. साईट वर्डप्रेसवर असेल तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक उघडून काही न बदलता फक्त सेव्ह करा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

3. काही फोटो गायब: लिनक्स सर्व्हर इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतो. फाईलचं नाव आणि पानावर लिहिलेलं नाव तंतोतंत जुळवा.

4. डेटाबेस जोडला जात नाही: डेटाबेसचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता या चारपैकी काहीतरी जुनंच राहिलं आहे.

5. "500": सर्व्हरच्या आत बिघाड. कारण एरर लॉगमध्ये लिहिलेलं असतं. दुरुस्त करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "लॉग पाहिला का?"

6. "सुरक्षित नाही": नव्या सर्व्हरवर एसएसएल प्रमाणपत्र बसवायचं राहिलं. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

7. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं: डेटा भरताना मराठी अक्षरं पुसली गेली. तिथे हाताने टाईप करू नका. जुनी प्रत यूटीएफ-8 पद्धतीने पुन्हा भरून घ्या. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र परकी अक्षरं दिसली तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त वाचण्याची पद्धत चुकलेली असते.

न दिसणारी चूक

आपलं खरं नुकसान होणार होतं ते वेगळ्याच ठिकाणी. साईट छान दिसत होती, पण चार दिवस एकही ऑर्डर नाही. एका ग्राहक ताईंनी फोन केला, "ऑर्डर टाकली, उत्तर नाही आलं." तेव्हा कळलं, ईमेलची नोंद, म्हणजे एमएक्स, अजून जुन्या सर्व्हरकडेच होती. ऑर्डरी तिथे जमा होत होत्या आणि आपण नवी पेटी उघडून बघत होतो. जुना सर्व्हर महिनाअखेरपर्यंत चालू ठेवला होता म्हणून त्या सापडल्या. "दोन्हीकडचं भाडं कशाले?" असं मीच आधी म्हटलं होतं, हेही कबूल करते.

पुढच्या वेळी हे करा

- हलवण्याआधी फाईल आणि डेटाबेस दोन्हींची प्रत पेनड्राईव्हवर घ्या.
- डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे ते तपासा. ते संघाच्या नावावरच हवं, साईट बनवणाऱ्याच्या नाही.
- साईट हलवल्यावर स्वतः एक ऑर्डर टाकून पाहा.
- चूक दिसली की तारीख, वेळ, फोन आणि शब्द लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा.
- "ओटीपी सांगा, लगेच दुरुस्त करतो" म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

बैठकीसाठी काम: आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे शोधून इतिवृत्तात लिहा. ज्या ग्रामसंघाला अडचण येईल त्यांनी मला सांगा, सोबत बसून पाहू.

तुमची क्षेत्र समन्वयक